हिरवा नग

विमानतळाच्या कोच-हॉलमध्ये एक भिंतभर चित्र आहे. आई, बाप, मुलगी आणि एक आजोबा असे चौघे जण, हातात एकही जड वस्तू न घेता, हसत चालले आहेत. मागे विमान, पुढे बस, आणि त्यांच्या पायांखाली मोठ्या अक्षरांत लिहिलेले वाक्य: घराच्या दारापासून विमानाच्या दारापर्यंत, मध्ये कुठेही सांधा नाही. हे वाक्य ज्याने रचले त्याने हाँगकाँगहून चीनमधल्या सनवुईपर्यंत बसने प्रवास केलेला नसावा. ती बस खाडीवरच्या सरहद्दीच्या नाक्याला थांबते. तिथे सगळ्यांनी उतरायचे, आपापल्या पेट्या ओढायच्या, एकाच छपराखाली दोन सरकारांच्या दोन रांगांत दोनदा उभे राहायचे, आणि पलीकडच्या दारातून बाहेर पडून दुसरीच बस शोधायची. सांधा असतोच. तो चित्रात न दिसण्याची व्यवस्था तेवढी केलेली असते, आणि त्या व्यवस्थेला पगार फार कमी मिळतो.

लाम बिक-वान ही त्या व्यवस्थेचा एक भाग होती. वय पन्नाशीच्या पुढे, केस कानांपर्यंत कापलेले, अंगात हिरवे जाकीट, कमरेला वॉकी-टॉकी आणि मनगटात बांगडीसारखे अडकवलेले स्टिकरचे भेंडोळे. त्या भिंतीखालच्या काउंटरवर तिची उमेदीची वर्षे गेली होती. काम समजायला सोपे होते. प्रवाशाचे तिकीट पाहायचे आणि त्याच्या छातीवर रंगीत कागदाचा चौकोन चिकटवायचा: सनवुईला हिरवा, चुंगशानला पिवळा, फोशानला जांभळा. नाक्यापलीकडे कंपनीची माणसे उभी असत. ती चेहरे पाहत नसत, छात्या पाहत, आणि हात करून ज्याला त्याला त्याच्या बसकडे वळवत. एवढ्या गर्दीत दुसरा उपायही नव्हता. स्टिकर नसलेला माणूस पलीकडे उतरला की तो कुणाचाच नसे.

काउंटरवरची माणसे प्रवाशांना नग म्हणत. हा शब्द पेट्यांसाठी होता, पण पेट्या आणि माणसे एकाच श्वासात मोजावी लागत असल्याने तो माणसांवर कधी गेला ते कुणालाच सांगता आले नसते. ‘पिवळे नऊ नग सोडले’, ‘जांभळ्याचा एक नग संडासात आहे’, असे दिवसभर वॉकी-टॉकीवर चाले. बिक-वान घरी आल्यावरही तेच बोलत असे, आणि तिची मुलगी चिंग-यी जेवताना तिची थट्टा करी, की आज किती नग खपले. विमानतळावर दुसऱ्या कुणाच्या तोंडी हा शब्द नव्हता. तो त्या काउंटरचा होता, आणि काउंटरवर तो सगळ्यांत सहज बिक-वान वापरत असे.

तिच्या हाताची एक लकब होती, आणि ती लपत नसे. ब्रीफकेसवाल्या माणसाला ती स्टिकर सोलून बोटाच्या टोकावर धरून देई, म्हणजे त्याचा त्याने लावावा. गावाकडच्या म्हाताऱ्यांना मात्र ती स्वतः लावी, तळहाताने थापटून. ‘काका, सरळ उभे राहा,’ असे तिने म्हटले की ते उभे राहत. असे का करतेस, हे तिला कुणी विचारले नाही. विचारले असते तर तिने गर्दीचे कारण सांगितले असते.

खरे कारण जुने होते. बिक-वान स्वतः सनवुईच्या बाजूची. आठ वर्षांची असताना ती आईबरोबर हाँगकाँगला आली. सनवुई आणि शेजारचे तीन मिळून सेईयाप, म्हणजे चार तालुके; त्यांची बोली शहराच्या बोलीहून वेगळी. शहरातला माणूस जिथे नीट ‘स’ म्हणतो, तिथे त्या बाजूचा माणूस जिभेच्या कडेने वारा सोडतो. ‘सनवुई’ हे गावाचे नावच तिथल्या माणसाची ओळख पटवते. शाळेतल्या मुलींनी तिला ‘आ-चान’ म्हणायला सुरुवात केली. नदीपलीकडून आलेल्या अडाण्याला त्या काळी शहर त्याच नावाने ओळखत असे. मग तिने एका उन्हाळ्यात, रेडिओ लावून, आरशासमोर बसून तो वारा जिभेवरून घालवला. तिच्या आईला ते कधी जमले नाही. बाजारात आई मोठ्याने भाव करू लागली की बिक-वान चार दुकाने पुढे जाऊन उभी राहत असे. आई जाऊन आता बरीच वर्षे झाली होती. चिंग-यीला आजी आठवत नव्हती, आणि आजीची बोली तर तिने कधी ऐकलीच नव्हती.

त्या वसंतात चिंग-यीचे लग्न ठरत आले होते. मुलगा हौ-यिन हाँगकाँगलाच एका हिशेबाच्या कचेरीत नोकरीला होता, पण त्याचे घर सनवुईचे. हे कळल्यावर बिक-वान, मुलगा चांगला आहे, एवढेच म्हणाली होती. मुलाचे वडील ऊ पाक-हाँग हिवाळाभर वँकूवरला थोरल्या मुलीकडे होते. चिंगमिंगला, पूर्वजांच्या कबरी झाडायच्या दिवसांत, ते परतणार होते, आणि ते दिवस सरल्यावर दोन्ही घरांनी पहिल्यांदा एकत्र जेवायचे ठरले होते. हौ-यिनने त्यांना आणायला रजा काढतो म्हटले होते. चिंग-यीने त्याहून सोपा मार्ग सुचवला होता: आई तिथेच असते, ती नीट बसवून देईल. म्हातारबुवांनी दोन्हींना नकार दिला. भेट व्हायच्या आधी विहीणबाईंना कामाला लावणे बरे दिसत नाही, असे त्यांचे म्हणणे पडले, आणि शिवाय हल्ली विमानातून उतरले की थेट घर, मध्ये काही अडत नाही, असे सगळीकडे लिहिलेलेच असते, असेही ते म्हणाले.

चिंगमिंगच्या आधीचे दिवस कोच-हॉलमध्ये वाईट असतात. कॅनडाहून, अमेरिकेहून, मलेशियाहून अर्धे सेईयाप कबरी झाडायला लोटते. त्या दुपारी सनवुईच्या हिरव्या रांगेत एक म्हातारा होता, ताठ, सावळा, हातावर शेतकऱ्याच्या शिरा, पेट्यांवर वँकूवरच्या चिठ्ठ्या, आणि अंगात उंटाच्या रंगाचा नवाकोरा लोकरी कोट. बिक-वानने भेंडोळ्यातून स्टिकर सोलला. म्हाताऱ्याने हात पुढे केला आणि म्हणाला, “कोटावर नको, पोरी. मुलीने दिलाय. मी हातात धरतो.”

“हातात धरलेले हरवतात, काका,” बिक-वान म्हणाली. “मग आम्हीच शोधत बसायचं.” आणि तिने तो छातीवर थापटला.

बस सुटायच्या वेळी तिने छात्या मोजल्या. हिरव्यांत एक कमी भरला. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, जांभळ्यांची रांग अंगावर आली होती, आणि सकाळपासून तिने पाण्याचा घोट घेतला नव्हता. तिने वॉकी-टॉकी तोंडाशी धरली. “हिरवा एक नग गळालाय. म्हातारा आहे. कोट वँकूवरचा, तोंड शेतातलं.” पलीकडून कुणी हसले. त्या हसण्याने तिला बळ आले, आणि तिने पुढचे वाक्य म्हाताऱ्याच्याच बोलीत, जिभेच्या कडेने वारा सोडत म्हटले, की आमच्या सनवुईत बसच येत नाही, म्हणून बसायचं कसं ते ठाऊक नाही. काउंटरवरच्या सगळ्यांनी ते ऐकले आणि सगळे हसले. अशी हुबेहूब नक्कल त्यांनी पूर्वी ऐकली नव्हती.

म्हातारा तिच्या मागेच उभा होता. त्याने स्टिकर कोटावरून हलकेच काढून खिशात ठेवला होता आणि आता खिशातून काढून तिच्यासमोर धरत होता. लाज वाटायची वेळ तीच होती, पण तेव्हा तिला लाज वाटली नाही. पकडले गेल्याचा राग आला. तिने भेंडोळ्यातला दुसरा स्टिकर सोलला, त्याला खांद्याला धरून वळवले, आणि पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या मधोमध, जिथे माणसाचा स्वतःचा हात पोचत नाही, तिथे तो लावला. “आता काढा,” ती म्हणाली.  म्हाताऱ्याने पेट्या ओढल्या आणि तो बसकडे गेला, पाठीवर हिरवा चौकोन घेऊन, आणि काउंटरवरचे लोक पुन्हा हसले.

त्या संध्याकाळी चिंग-यी घरी आली ती तावातावाने. हौ-यिनच्या घरून फोन आला होता. वडील पोचले होते, पण त्यांच्या पाठीवर स्टिकर होता. नाक्यावरून, दोन्ही रांगांतून ते तसेच आले होते. काढताना लोकरीचा पापुद्राच निघाला, आणि कोटावर पांढुरका चौकोन राहिला. हॉलमधल्या कुणा बाईने त्यांना ढकलून लावला म्हणे, वर त्यांच्या बोलण्याची नक्कल केली. हौ-यिन तक्रार करायला निघाला होता, वडिलांनीच अडवले.

“ते म्हणाले, राग आला नाही, नवल वाटलं,” चिंग-यीने ताटात भात वाढत सांगितले. “म्हणे ती नक्कल नव्हतीच. ती बाई आमच्याच बाजूची होती. आई, कोण गं ही? तुझ्या ओळखीची असेल.”

बिक-वानने मासा उलटा केला आणि काटा काढू लागली. मग तिने सांगितले की आमच्या काउंटरची नसावी. शेजारी नारंगी कंपनीचा काउंटर आहे, तिथे ती जाडी बाई असते, तू पाहिलीयेस, सियू-लान नावाची, ती असेल. सियू-लान गेली कित्येक वर्षे तिला दुपारचा गरम चहा आणून देत होती. हे नाव तोंडातून गेल्यावर बिक-वानला ते परत घेता आले असते. जेवण संपायला अजून वेळ होता. तिने घेतले नाही. चिंग-यी म्हणाली, असल्या बायकांना कामावर कसे ठेवतात कोण जाणे, आणि दुसरे काही बोलू लागली. बिक-वानला त्या रात्री कळून चुकले की चिंगमिंग संपले की तिला त्या म्हाताऱ्याच्या समोर बसून जेवायचे आहे, आणि तो तिला पाहताक्षणी ओळखणार आहे.

नंतरच्या दिवसांत तिने काही उपाय करून पाहिले. केस वेगळे कापले. चष्मा लावायला सुरुवात केली, जो तिला फक्त वाचायला लागत असे. स्टिकर हातावर ठेवून देण्याचाही प्रयत्न केला. त्या दिवशी चार म्हाताऱ्या जणी स्टिकर तिकिटावर लावून तिकीट पिशवीत ठेवून पलीकडे हरवल्या, आणि वरिष्ठांनी तिला सगळ्यांदेखत सुनावले. दुसऱ्या दिवसापासून ती पुन्हा छातीवर थापटू लागली. सियू-लानचा चहा मात्र आता काउंटरवर तसाच गार होऊ लागला. एकदा सियू-लानने विचारले, “वान-ताई, तुझी पोरगी माझ्यावर रुसलीय का? परवा तुला भेटायला आली तेव्हा हात केला तर तोंड फिरवून गेली.” बिक-वान म्हणाली, लग्नाची धावपळ आहे, लक्ष नसेल.

भेटीच्या दिवशी बिक-वान आणि चिंग-यी त्याच हॉलमधून, त्याच बसने निघाल्या. हौ-यिन आदल्या दिवशीच घरी गेला होता. काउंटरवरची पोरगी हसून म्हणाली, “वान-ताई, आज तुम्ही नग,” आणि तिने हिरवा चौकोन बिक-वानच्या नव्या ब्लाउजवर चिकटवला. नाक्यावर ती बाकीच्यांसारखी उतरली, पिशव्या ओढत दोन्ही रांगांतून गेली, आणि पलीकडे एका तरुणाने तिच्या तोंडाकडे न पाहता तिला बोटाने बस दाखवली. इतक्या वर्षांत तिने ही बस असंख्य वेळा भरून सोडली होती. तिच्यात बसायचा हा प्रसंग पहिलाच होता.

सनवुईच्या हॉटेलात वरच्या मजल्यावर गोल टेबल मांडले होते. हौ-यिन, त्याची आई, एक आत्या आणि तिचा नवरा, आणि दाराकडे तोंड करून म्हातारबुवा. ते उठून पुढे आले, दोन्ही हात जोडून त्यांनी स्वागत केले, विहीणबाई, प्रवासात त्रास झाला नाही ना, असे विचारले. चेहऱ्यावर काही हलले नाही. बिक-वानने मान खाली घालून आपल्या शहरी बोलीत, तोलून मापून, नाही म्हटले. मग ते कोट खुर्चीवर टाकायला वळले, आणि तिला पाठीवरचा तो चौकोन दिसला, पांढुरका, चारही कडा सरळ. तो जणू तिच्या सहीसारखा तिथे होता.

त्यांनी चहा ओतला. ओतणाऱ्याचे आभार म्हणून दोन बोटे टेबलावर टकटक करायची, एवढे लहान पोरालाही कळते. बिक-वानचे हात मांडीवर एकमेकांत अडकले होते. चिंग-यीने तिला कोपराने ढोसले तेव्हा तिने बोटे वर आणली, आणि ती इतक्या जोरात वाजली की सगळ्यांनी वळून पाहिले.

हंस आला, वाफवलेला मासा आला, संत्र्याच्या जुन्या, वाळवलेल्या साली घालून शिजवलेले बदक आले. बोलणे सोयीचे चालले होते, खोल्या किती, वरात कुठून, हाँगकाँगकडची माणसे किती. आत्याने विमानाचा विषय काढला, आणि म्हातारबुवा खुलले. वँकूवरहून परत येतानाची गोष्ट त्यांनी सांगायला घेतली. ती ते चांगली सांगत. कोट मुलीने कसा दिला, हॉलमध्ये कशी गर्दी होती, कोटावर स्टिकर नको म्हणून त्यांनी कशी विनवणी केली. मग ती बाई. तिचा हात त्यांनी हवेत थापटून दाखवला. तिने वॉकी-टॉकीवर काय म्हटले ते सांगताना त्यांनी तिच्या नकलेची नक्कल केली, आणि आत्याला ठसका लागला. हौ-यिनची आई म्हणाली, तुम्ही दर वेळी त्यात मीठमसाला घालता. चिंग-यी सगळ्यांत जास्त हसत होती आणि आईच्या दंडाला हात लावून सांगत होती, की ऐक, ऐक. बिक-वानही हसली. हसणे न जमलेले माणूस जसे तोंड उघडे ठेवते, तसे तिचे तोंड गोष्ट संपेपर्यंत उघडे होते. म्हातारबुवा सगळा वेळ माशाकडे पाहून बोलत होते. माशाचे डोके पाहुण्याकडे करून ठेवतात. ते तिच्याकडे होते.

“मला काहीतरी म्हणाली ती. कसला तरी मालाचा शब्द,” ते म्हणाले. “जाऊ द्या, आता आठवत नाही.” मग त्यांनी चॉपस्टिक्स खाली ठेवल्या आणि पहिल्यांदा सरळ तिच्याकडे पाहिले. “विहीणबाई, तुम्ही त्याच हॉलमध्ये ना? ओळखता का त्या बाईला?”

टेबल गप्प झाले असे नव्हे. आत्या पाणी पीत होती, वाढपी पोरगा थाळ्या उचलत होता. पण बिक-वानपुरते सगळे थांबले. ओळखते, असे म्हणायचे, आणि पुढचे एक वाक्य. दोन वाक्यांचा प्रश्न होता. चिंग-यी तिच्याकडे प्रेमाने पाहत होती, कारण आई आता त्या नारंगी कंपनीच्या जाड बाईचे नाव घेईल, अशी तिला खात्री होती.

“नाही,” बिक-वान म्हणाली. “आमच्याकडे माणसं फार बदलतात.”

“बदलत असतील,” म्हातारबुवा म्हणाले. त्यांनी माशाच्या गालाचा तुकडा, सगळ्यांत मऊ असतो तो, चॉपस्टिक्सनी अलगद काढला आणि तिच्या ताटलीत ठेवला. तिला तो खावा लागला.

निरोपाला सगळे बस-थांब्यापर्यंत आले. तिथेही काउंटर, तिथेही एक मुलगी मनगटात भेंडोळे घेऊन उभी. तिने स्टिकर सोलला आणि हात बिक-वानच्या छातीकडे नेला, तेवढ्यात म्हातारबुवा मध्ये आले. त्यांनी तो हिरवा चौकोन मुलीच्या बोटावरून घेतला, मान किंचित लववली, आणि पाहुण्याला आपले कार्ड देतात तसा दोन्ही हातांनी बिक-वानपुढे धरला. तिने तो दोन्ही हातांनी घेतला. मग ते ड्रायव्हरकडे वळून मोठ्याने म्हणाले, “हा नग जपून न्या. आमच्या घरचा आहे.”

ड्रायव्हर हसला. हौ-यिनला काही कळले नाही. चिंग-यी पायरीवर एक पाय ठेवून तशीच उभी राहिली.

बस गावाबाहेर पडली. केळीच्या बागा गेल्या, संत्र्याच्या साली वाळत घातलेली अंगणे गेली. मग चिंग-यीने खिडकीकडे पाहतच विचारले, “नग. हा शब्द त्यांना कुणी सांगितला?”

बिक-वानने मांडीवरचा स्टिकर सरळ केला.

“मी हा शब्द फक्त तुझ्या तोंडून ऐकलाय, आई. आणि तुझ्या काउंटरवर. मी त्या बिचाऱ्या नारंगीवालीशी बोलणं टाकलं. तिने काय केलं होतं?”

बिक-वान म्हणाली, की तिने काही केलेले नव्हते.  नंतर तिने गर्दीचे सांगायला सुरुवात केली, तहानेचे, हॉर्नचे, आणि तिचे तिलाच ते ऐकवेना, म्हणून ती मध्येच थांबली. चिंग-यीने विचारले की तू त्यांच्यासारखं बोललीस कशी, ते म्हणतात ती नक्कल नव्हती. तेव्हा बिक-वानने सांगितले की मी तिथलीच आहे, आणि तुझी आजी मरेपर्यंत तसेच बोलत होती. चिंग-यीने पहिल्यांदा वळून तिच्याकडे पाहिले. तिच्या चेहऱ्यावरचा राग आईला पेलला असता. तिथे राग नव्हता, अनोळखी बाईकडे पाहतात तसे ती पाहत होती.

“त्यांनी सगळ्यांसमोर तुला संधी दिली होती,” ती म्हणाली. “मी हौ-यिनला काही सांगणार नाही. तूच सांगायचंस, आणि आधी त्यांना. तोपर्यंत मी लग्नाच्या तारखेचं नाव काढणार नाही.”

नाका आला. सगळे उतरले. छपराखाली पहिली रांग संपल्यावर आणि दुसरी सुरू होण्याआधी एक मोकळा पट्टा लागतो; तो कुठल्याच रांगेत मोडत नाही आणि कोणत्याही जाहिरातीच्या चित्रात येत नाही. पेट्यांची चाके तिथे फरशीच्या जोडावर खडखडतात. चिंग-यी दोन्ही पिशव्या घेऊन पुढच्या रांगेत जाऊन उभी राहिली होती. बिक-वान त्या पट्ट्यात थांबली, तिने फोन काढला आणि व्याह्यांचा नंबर लावला.

पलीकडे माहजाँगच्या सोंगट्या घोळवल्याचा आवाज येत होता. त्यांनी विचारले, पोचलात का. तिने बोलायला तोंड उघडले आणि शहरी शब्द जिभेवर येईनात. मग तिने चाळीसहून अधिक वर्षांनी, थट्टेसाठी नव्हे तर आपले म्हणून, त्या गावाचे नाव त्या गावासारखे घेतले, कडेने वारा सोडत. “मी सनवुईचीच आहे. तो स्टिकर मी लावला होता. पाठीवरचाही.”

सोंगट्यांचा आवाज थांबला नाही, पण म्हातारबुवा लांब गेले असावेत, कारण तो हलका झाला.

“सनवुईत गाव कुठलं?” त्यांनी विचारले.

“शेक-हांग.”

“तिथल्या बायका तोंडाच्या तिखट,” ते म्हणाले. “माझी एक चुलती तिथली होती. जेवताना बोलाल असं वाटलं होतं मला.”

“वाटलं असणार,” बिक-वान म्हणाली. आणि पुढे म्हणाली, की कोटाचे काय करायचे ते सांगा, लोकर भरून देणारा एक माणूस माझ्या ओळखीचा आहे, किंवा मी दुसरा आणते.

“दुसरा नको. मुलीने दिलेला आहे,” ते म्हणाले. आवाजात माया होती की नाही, हे तिला तेव्हाही कळले नाही आणि पुढेही कधी कळले नाही. “भरूनही नको. लग्नाला मी तोच घालून येणार आहे. आमच्याकडे वडील माणूस पुढे चालतो आणि विहीण त्याच्या पाठीमागे. तुम्हाला ठाऊक असेलच, तुम्ही इथल्याच.”

मागून कुणाची तरी पेटी तिच्या टाचेला लागली, आणि मागचा माणूस म्हणाला, बाई, उभ्या काय राहिलात. समोरच्या रांगेतून चिंग-यी तिच्याकडे पाहत होती. बिक-वानने फोन बंद केला. हातात इतका वेळ धरून त्या हिरव्या चौकोनाचा चिकटपणा निम्मा गेला होता. तिने तो छातीवर लावला, तळहाताने दोनदा थापटून पाहिला आणि मुलीच्या मागे जाऊन उभी राहिली.